पंधरा एप्रिलच्या अलीकडे आणि पलीकडे

नोबल्स काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, आयोवा राज्याच्या सीमेला लागून आहे. लोकसंख्या सुमारे २२ हजार. त्यातले चौदा-एक हजार लोक वर्दिंग्टन या एकाच गावात राहतात. गावाबाहेर चारी दिशांना मका, सोयाबीन आणि डुकरांच्या लांबलचक शेड. वर्दिंग्टनमध्ये जेबीएस कंपनीचा वराहमांसाचा कारखाना आहे. दोन हजारांहून जास्त कामगार आणि दिवसाला २० हजार डुकरं कापण्याची क्षमता. आसपासच्या कित्येक काउंट्यांमधलं जनावर या एका दारातून आत जातं.

२० एप्रिल २०२० रोजी ते दार बंद झालं. आत कामगार खांद्याला खांदा लावून मांस कापत होते आणि कोरोना त्यांच्यातून घराघरांत पोचला होता. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच काउंटीतल्या रुग्णांचा आकडा हजारावर गेला. वर्दिंग्टनच्या बंदच्या आठवडाभर आधी, १२ एप्रिलला, पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर सू फॉल्स इथला स्मिथफील्डचा कारखाना बेमुदत बंद झाल्याची घोषणा झाली होती. तिथेही रोज जवळपास तेवढीच डुकरं जायची. म्हणजे एका आठवड्यात या टापूतली दोन मोठी दारं बंद झाली.

अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांना महामारीत जी थेट मदत दिली, ती बहुतेक वेळा एकूण आकड्यांत सांगितली जाते. आकडे मोठेच आहेत. कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम, म्हणजे सी-फॅप, याच्या दोन फेऱ्यांतच तीस अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली. सगळ्या योजना मिळून २०२० मध्ये शेतकऱ्यांना सरकारकडून ४५ अब्ज डॉलरच्या वर थेट पैसे मिळाले, आणि तो तोवरचा उच्चांक होता. पण वर्दिंग्टनच्या आसपासच्या शेडमधून हीच मदत पाहिली तर ती वेगळी दिसते. तिथे एकूण किती पैसा आला यापेक्षा कोणत्या तारखेला डुक्कर कुणाच्या मालकीचं आणि कुठे होतं, यावर सगळं ठरलं. या प्रकरणाचा गाभा मला तोच वाटतो.

थांबू न शकणारं पीक

आधी जनावराचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण मदतीचे नियम नेमके तिथेच चुकले. डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते. तिकडचे शेतकरी हा हिशोब तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा तोंडपाठ ठेवतात. जन्मापासून सहा महिन्यांत पिल्लू विक्रीच्या वजनाला येतं, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. एका शेडमध्ये साधारण २,४०० जनावरं. शेड रिकामी झाली की धुऊन घ्यायची आणि पुढची पिलं आत सोडायची. ही साखळी दहा महिने आधी सुरू झालेली असते. एप्रिल २०२० मध्ये जी डुकरं विक्रीला तयार होती, त्यांच्या आया २०१९ च्या उन्हाळ्यात गाभण राहिल्या होत्या. तेव्हा कोरोना हा शब्दही कुणाला माहीत नव्हता.

मका साठवणीच्या कोठीत थांबतो. डुक्कर थांबत नाही, ते वाढत राहतं. फार वाढलं की कारखान्याच्या यंत्रात बसत नाही आणि शेडमध्ये गर्दी होते. दुसरीकडे आठवड्याला नवी पिलं जन्माला येतच असतात आणि त्यांना जागा हवी असते. शेतकऱ्यांनी खाद्यातलं प्रथिन कमी केलं, शेडचं तापमान थोडं वाढवून भूक मंदावली, शेजाऱ्याची रिकामी शेड भाड्याने घेतली. त्याने दोन-तीन आठवडे निभावले. एप्रिलअखेरीला देशभरातली डुकरं कापण्याची क्षमता साधारण चाळीस टक्क्यांनी घटली होती, आणि त्यापुढे काही इलाज उरला नव्हता.

२८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मांसाचे कारखाने चालू ठेवण्यासाठी आदेश काढला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी २९ एप्रिलला, वर्दिंग्टनचा कारखाना अंशतः उघडला. पण मांसासाठी नाही, तर तयार डुकरं मारून टाकण्यासाठी. संसदेच्या कृषी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, मिनेसोटाचेच कॉलिन पीटरसन, यांनी दिवसाला १३ हजारांपर्यंत डुकरं अशी मारता येतील असं सांगितलं. मेलेली जनावरं लाकडाच्या भुश्श्यात कुजवण्याची जागा याच काउंटीत उभी राहिली. खाण्यासाठी कत्तल ६ मेपासून थोडी थोडी सुरू झाली.

सहा महिने रोज सकाळ-संध्याकाळ शेडमध्ये जाणाऱ्या माणसाला, पोटभर खाऊ घालून वाढवलेलं जनावर कुणाच्याही ताटात न जाता मातीत जाताना बघावं लागलं. त्याच महिन्यात शहरांतल्या दुकानांत मांसाची टंचाई होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मदतीची कुठलीही आखणी हे समजून घेऊनच करायला हवी होती.

दोन थैल्या

मदतीचे पैसे दोन ठिकाणांहून आले. पहिली थैली २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याची, म्हणजे संसदेने महामारीतल्या मदतीसाठी केलेल्या कायद्याची. दुसरी कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनची. शेतमालाचे भाव सावरण्यासाठी १९३० च्या दशकापासून चालत आलेली ही सरकारी संस्था. १७ एप्रिलला कृषी विभागाने १९ अब्ज डॉलरची योजना, म्हणजे सी-फॅपची पहिली फेरी, जाहीर केली. त्यात १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि ३ अब्ज अन्नखरेदीला. अर्ज २६ मेपासून घ्यायला सुरुवात झाली.

जाहीर करण्याचा वेग चांगला होता, हे मान्य करायला हवं. अडचण थैल्यांच्या सीमेवर होती. पहिल्या थैलीतून १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळातल्या भावघसरणीची भरपाई द्यायची आणि तीही घसरणीच्या मोठ्या हिश्श्याइतकी. दुसऱ्या थैलीतून त्यानंतरच्या अपेक्षित तोट्याचा लहानसा वाटा. डुकरांसाठी दर असे ठरले: १५ जानेवारी ते १५ एप्रिलच्या दरम्यान विकलेल्या १२० पौंडांच्या (सुमारे ५४ किलो) वरच्या जनावराला १८ डॉलर, त्याहून लहान पिलाला २८ डॉलर. १६ एप्रिल ते १४ मे या काळात तुमच्याकडे एखाद्या दिवशी जी सर्वाधिक संख्या होती, ती धरून प्रत्येक जनावराला १७ डॉलर.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. सू फॉल्सच्या बंदची घोषणा १२ एप्रिलला झाली, पहिली थैली १५ एप्रिलला बंद झाली, वर्दिंग्टनचं दार २० एप्रिलला बंद झालं. म्हणजे खरं संकट आलं ते सीमारेषेच्या पलीकडे, आणि तिथे दर होता १७ डॉलर. भावघसरणीवर आधारलेली योजना मार्चमध्ये डोक्यात तयार झाली होती. तेव्हा रेस्टॉरंट बंद झाल्यामुळे मागणी कोसळली होती आणि तोच धोका दिसत होता. कारखानाच बंद पडेल आणि पुरवठा मधेच तुंबेल, हे त्या कोष्टकात कुठे बसतच नव्हतं. मला यात कुणाची दुष्टबुद्धी दिसत नाही. ज्या संकटाची तारीख ठाऊक होती त्याच्यासाठी नियम झाला, आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच संकट आलं.

तीन वह्या

नियम नीट कळावेत म्हणून तीन शेतकरी कल्पून बघू. माणसं मनातली आहेत, दर आणि तारखा खऱ्या.

पहिला मालक आहे. डुकरं त्याची स्वतःची. कारखान्याशी त्याचा करार आहे आणि भाव कराराच्या सूत्राने ठरतो. जानेवारी-एप्रिलमध्ये त्याने १,००० मोठी डुकरं विकली, म्हणजे १८ हजार डॉलर. मेच्या सुरुवातीला त्याच्या शेडमध्ये २,४०० डुकरं होती, त्यांचे ४०,८००. एकूण ५८,८००. त्यातले ८० टक्के, म्हणजे ४७,०४० आधी मिळाले. उरलेले ११,७६० देण्याचा निर्णय कृषी विभागाने ऑगस्टमध्ये घेतला. त्यानंतर सी-फॅपची दुसरी फेरी आली. तिच्यात १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधल्या कोणत्याही एका दिवसाची सर्वाधिक संख्या धरून डोक्यामागे २३ डॉलर होते. त्याच २,४०० वर आणखी ५५,२०० डॉलर.

दुसरा त्याच रस्त्यावर राहतो. त्याचीही २,४०० ची शेड, त्याच्याही डोक्यावर बँकेचं कर्ज. पण आतली डुकरं कंपनीची आहेत. तो जागा, वीज, पाणी आणि स्वतःची मेहनत देतो आणि करारानुसार मोबदला घेतो. या भागात वराहपालनाची ही रीत फार पसरलेली आहे. सी-फॅपची अट अशी होती की माल तुमच्या मालकीचा हवा आणि भावाची जोखीम तुमच्यावर हवी. त्यामुळे २०२० मधल्या दोन्ही फेऱ्यांत त्याला शून्य. ज्यांना करारात जागेप्रमाणे पैसे मिळतात त्यांचं फारसं बिघडलं नाही, हेही खरं. पण ज्यांचे पैसे जनावराच्या संख्येवर ठरतात, त्यांच्याकडे कंपनीने पुढची पिलं उशिरा किंवा कमी पाठवली. शेड रिकामी राहिली तरी बँकेचा हप्ता रिकामा राहत नाही.

तिसऱ्याकडे डुकरं स्वतःची, पण करार नाही. तो खुल्या बाजारात, त्या दिवशी जो भाव मिळेल त्या भावाला विकतो. अमेरिकेत असे विक्रेते आता फार कमी उरले आहेत. शंभर डुकरांतली दोन-तीनच अशी विकली जातात. कारखाने अडले की ते आधी करारातली जनावरं घेतात. त्यामुळे खुल्या बाजारातल्या माणसाला त्या मे महिन्यात भाव मिळाला तो सगळ्यात खालचा, आणि काहींना गिऱ्हाईकच मिळालं नाही. उलट पहिल्या शेतकऱ्याचा करार मांसाच्या घाऊक भावाशी बांधलेला असेल, तर टंचाईमुळे चढलेल्या त्या भावाचा त्याला फायदाही झाला असेल. तिसऱ्याने मेमध्ये ६०० डुकरं विकली असं धरू. दोन्ही फेऱ्या मिळून त्याला डोक्यामागे १७ आणि २३, म्हणजे ४० डॉलर. एकूण २४ हजार.

पहिल्यालाही जनावरामागे तेच ४० डॉलर. तोटा वेगळा, मदत एकसारखी. शेडमधली डोकी मोजणं सोपं असतं. कुणाचं किती बुडालं हे मोजायला विक्रीच्या पावत्या, करार, त्या दिवसाचे भाव असं सगळं लागतं. घाईच्या वेळी सरकारने सोपं तेच निवडलं.

कचेरीतला फोन

या योजना काउंटीत पोचवल्या त्या कृषी विभागाच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या स्थानिक कचेऱ्यांनी. गावातलेच कर्मचारी, आणि वर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली काउंटी समिती. आपल्याकडच्या वाचकाला हे विशेष वाटेल: या समित्यांवर शेतकरीच मतदान करून शेतकऱ्यांना बसवतात. त्या वसंतात कचेरीत जायला बंदी होती. फोन, ईमेल आणि अपॉइंटमेंट एवढ्यावरच सगळं चाललं. अर्ज साधा होता, काही पानांचा, आणि संख्या शेतकऱ्याने स्वतःच्या सहीवर लिहून द्यायची. कागदपत्रं नंतर मागितली तर दाखवायची.

पीक घेणाऱ्यांना हे सोपं गेलं, कारण त्यांची जमीन, त्यांचं नाव, बँक खातं अनेक वर्षांपासून एजन्सीकडे नोंदलेलं होतं. ज्यांच्याकडे फक्त शेड आहेत, पेरणीची योजना ज्यांनी कधी घेतलीच नाही, त्यांना आधी नोंदणी, मग उत्पन्नाची माहिती, मग व्यवसायाची रचना अशी फॉर्मची रांग पार करावी लागली. स्वतःच्या सहीवर पैसे देण्याचा निर्णय योग्य होता, असं माझं मत आहे. मे महिन्यात शेतकऱ्याला पावतीच्या फायलीपेक्षा चेक हवा होता. मात्र त्याची किंमत अशी की विश्वासाने दिलेली संख्या पडताळायचं ओझं मागून कचेऱ्यांवर आणि तपासनीसांवर पडलं.

रकमेवर मर्यादा होती. एका व्यक्तीला अडीच लाख डॉलर. पण कंपनी किंवा भागीदारी असेल आणि तीन भागधारक प्रत्येकी ४०० तास प्रत्यक्ष काम करत असतील तर साडेसात लाखांपर्यंत. दुसऱ्या फेरीत ही मर्यादा पुन्हा नव्याने लागू, म्हणजे दोन फेऱ्यांत दोनदा. १७ डॉलरच्या दराने अडीच लाखांची मर्यादा गाठायला १४ हजारांहून जास्त डुकरं लागतात. एकट्या कुटुंबाला ती क्वचितच आड आली असेल.

ठिगळं

यानंतरची गोष्ट दुरुस्त्यांची आहे आणि ती दोन वर्षं चालली.

१७ सप्टेंबर २०२० रोजी, निवडणुकीच्या सात आठवडे आधी, ट्रम्प यांनी विस्कॉन्सिनमधल्या मोसिनी इथल्या सभेत दुसरी फेरी जाहीर केली. डिसेंबरअखेरच्या खर्चाच्या कायद्यात संसदेने करारावर पालन करणाऱ्यांसाठी तरतूद केली. १५ जानेवारी २०२१ ला कृषी विभागाने डुकरांच्या पहिल्या फेरीतल्या संख्येवर आणखी १७ डॉलर द्यायचं जाहीर केलं. म्हणजे १७ अपुरे होते, हे त्या खात्यानेच मान्य केलं. पाच दिवसांनी सरकार बदललं आणि जुन्या सरकारने जाता जाता काढलेले नियम नव्या प्रशासनाने थांबवले, त्यात हाही. मार्चमध्ये कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांच्या खात्याने बाकीच्या कितीतरी पिकांच्या रकमा सोडल्या, पण डुकरांची आणि करारवाल्यांची मदत रोखूनच ठेवली, कारण तिच्या नियमात बदल लागेल. नव्या सरकारने जुन्याचे हुकूम तपासून घ्यावेत हे बरोबरच. पण वर्दिंग्टनजवळच्या माणसाला दिसलं ते एवढंच की जाहीर झालेले पैसे पुन्हा अडकले.

मारून टाकाव्या लागलेल्या जनावरांची भरपाई जुलै २०२१ मध्ये आली. ज्यांनी १ मार्च ते २६ डिसेंबर २०२० या काळात, कारखाना नसल्यामुळे, जनावरं मारली, त्यांना बाजारभावाच्या आधाराने ८० टक्के. त्यात आधी त्याच डुकरांवर मिळालेले सी-फॅपचे पैसे वजा. ज्या सकाळी मारायच्या डुकरांचे ट्रक निघाले होते, त्यानंतर सव्वा वर्षाने. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणायची वेळ यावी इतका उशीर.

करारावर पालन करणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याचा नंबर ऑगस्ट २०२१ मध्ये लागला. २०१८ किंवा २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये त्याचं उत्पन्न जितकं घटलं, त्याच्या ८० टक्के. समजा २०१९ मध्ये त्याला शेडमधून ९६ हजार डॉलर मिळाले होते आणि २०२० मध्ये ८१ हजार. फरक १५ हजार, मदत १२ हजार. मला हा नियम सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण तो डोकी मोजत नाही, घट मोजतो. हाच विचार पहिल्या दिवशी झाला असता तर काय झालं असतं, असं राहून राहून वाटतं. त्याला वेळ लागतो हे कळतं. वर्षाचे हिशोब बंद झाल्याशिवाय घट दिसत नाही. पण आधी थोडी उचल आणि मागून हिशोब, अशी रीत शेतीच्या विम्यात जगभर आहे.

तिसऱ्याला सर्वांत शेवटी. खुल्या बाजारात डुकरं विकणाऱ्यांसाठीची योजना डिसेंबर २०२१ मध्ये आली. निधी ५ कोटी डॉलर, काळ १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२०, दर डोक्यामागे ५४ डॉलर, कमाल १० हजार डुकरं. हा ५४ चा आकडा त्या काळातला खुल्या बाजाराचा भाव आणि मागच्या पाच वर्षांची सरासरी यांच्यातला फरक होता. म्हणजे ज्या जनावराच्या तोट्यासाठी पहिल्या फेरीने १७ डॉलर दिले, त्याचा खरा तोटा सरकारच्याच हिशोबाने त्याच्या तिपटीहून जास्त होता. आपल्या तिसऱ्या शेतकऱ्याला ६०० डुकरांचे ३२,४०० डॉलर मिळायला हवेत. अर्ज निधीपेक्षा जास्त रकमेचे आले, तेव्हा कात्री लावण्याऐवजी विभागाने निधी वाढवून पूर्ण दर दिला. हे चांगलं झालं.

ज्यांचं नाव कोष्टकात नव्हतं

काउंटीतल्या एका मोठ्या गटाबद्दल अजून बोललो नाही. कारखान्यात काम करणारे. वर्दिंग्टनमध्ये स्पॅनिश, कॅरेन, लाओ, सोमाली, इथिओपियाच्या भाषा बोलणारी घरं आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांचा पगार याच कारखान्यातून येतो. शेतमालाच्या मदतीत जनावर मोजलं जात होतं, त्यामुळे ते कापणाऱ्या हातांना कुठली ओळ नव्हती. शेतमजूर आणि मांसकारखान्यातल्या कामगारांना महामारीच्या खर्चापोटी एकदाच ६०० डॉलर देण्याची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली. ती रक्कमही संस्थांमार्फत मागाहून वाटली गेली. आजार त्यांच्याकडे सगळ्यांत आधी आला होता.

शेतकरी आणि कामगार यांना एकमेकांसमोर उभं करायचं मला कारण दिसत नाही. वर्दिंग्टनमध्ये दोघंही त्याच एका दारावर अवलंबून होते. दार बंद झालं तेव्हा शेडमध्ये डुकरं तुंबली आणि गावात माणसं घरी आजारी पडली. त्यातल्या पहिल्या गोष्टीसाठी सरकारकडे जुनी यंत्रणा, कचेरी, फॉर्म आणि दर होते. दुसरीसाठी तसं काहीच नव्हतं.

खुल्या बाजारातल्या शेतकऱ्यांसाठीच्या त्या शेवटच्या योजनेची मुदत मध्ये वाढवावी लागली, कारण कोणती विक्री खुल्या बाजारातली धरायची हे पुन्हा स्पष्ट करावं लागलं. अर्जाची अखेरची तारीख ठरली २९ एप्रिल २०२२. वर्दिंग्टनचा कारखाना डुकरं मारून टाकण्यासाठी उघडला होता, त्या बुधवारला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती.